साधी रोड बाईक, लांबचा पल्ला

200 किलोमीटरला 13 तास 30 मिनिटं, 300 ला 20 तास, 400 ला 27 आणि 600 ला 40. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनी होणाऱ्या ब्रेव्हे राइड्सच्या या मुदती पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूरकडच्या सायकलस्वारांना तोंडपाठ असतात. चहा, जेवण, पंक्चर, कंट्रोलवरचा, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणचा शिक्का, रस्त्याकडेची डुलकी, सगळं या मुदतीतच बसवायचं असतं. भागाकार केला तर सरासरी येते ताशी 15 किलोमीटरच्या आसपास, आणि एवढा वेग कुठल्याही धड रोड बाईकच्या आवाक्यातला आहे. तरी दर मोसमात अनेक जण राइड अर्ध्यावर सोडतात. कारण विचारलं तर सायकल जड होती असं क्वचितच कोणी सांगतं. मान धरली, बोटं बधिर झाली, सीटवर टेकवेना, गुडघा ठणकायला लागला, तिसरं पंक्चर झालं आणि ट्यूब संपल्या, पहाटे तीनला दिवा विझला, ही कारणं ऐकू येतात.

पहिली रोड बाईक घेऊन लांबच्या राइड करू पाहणाऱ्याने काय बदलावं, काय तसंच ठेवावं, हा सारा विषय मला याच यादीच्या अंगाने पाहायचा आहे. पहिली रोड बाईक म्हणजे साधारण पंचवीस हजारांपासून सत्तर-ऐंशी हजारांपर्यंतची: डेकॅथलॉनची ट्रायबन, किंवा जायंट, मेरिडा, स्कॉट, ट्रेक यांची सर्वांत खालच्या पायरीवरची मॉडेल्स. ॲल्युमिनियमची फ्रेम, मागे 7, 8 किंवा 9 गिअर, वजन दहा-अकरा किलो. या सायकलींत वाईट असं फार थोडं असतं. मात्र किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी कंपनी जिथे हात आखडता घेते, त्या जागा जवळजवळ सगळीकडे त्याच असतात: टायर, सीट, ब्रेकचे पॅड, चाकांची बांधणी, केबल. त्या माहीत असल्या की अर्धं काम सोपं होतं.

आधी वजनाचा मुद्दा निकालात काढू, कारण पैसा सर्वांत जास्त तिथेच वाया जातो. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट घ्या. सुमारे 12 किलोमीटर अंतर, साडेपाचशे मीटरच्या वर चढाई. सायकलस्वार, सायकल, पाणी, पिशव्या मिळून 85 किलो वजन आणि पायांत दम 140 वॅटचा, म्हणजे हौशी पण सराव असलेल्या माणसाचा. त्याला वर पोचायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागेल. आता सायकलचं वजन दोन किलोंनी कमी करा. सायकलच्या जगात दोन किलो म्हणजे पुष्कळ हजार रुपये. तरी वाचणारा वेळ दीड मिनिटाच्या आत. एका पंक्चरला सवयीचा माणूस दहा-बारा मिनिटं घालवतो आणि नवखा अर्धा तास. दुखणाऱ्या कमरेसाठी दर दहा किलोमीटरला पाच मिनिटं उतरावं लागलं तर 200 किलोमीटरमध्ये दीड तास जातो. माझ्या मते या राइड्ससाठी पैसा लावायच्या जागा दोनच: जिथे शरीर सायकलला टेकतं, आणि ज्या भागामुळे सायकल थांबते.

शरीर टेकतं त्याबद्दल आधी. सगळं बदलता येतं, फ्रेम बदलता येत नाही. म्हणून सायकल अजून घेतलेली नसेल तर सवलत किती मिळते यापेक्षा माप जुळतं का ते पाहावं. दुकानात उरलेला एकच साइज गळ्यात मारला जातो आणि पुढची तीन वर्षं तो माणूस लांब पडणाऱ्या हँडलशी झगडत बसतो. मोठी फ्रेम छोटी करता येत नाही. थोडी छोटी फ्रेम स्टेम आणि सीटपोस्टने निभावून नेता येते. उंची कमी असलेल्यांची, विशेषतः अनेक स्त्रियांची, इथे खरी अडचण होते. सर्वांत लहान फ्रेमवरही कंपन्या सर्रास 170 मिलिमीटरचा क्रँक, रुंद हँडल आणि लांब ब्रेक-लिव्हर देतात. पाय आखूड असले की हा क्रँक प्रत्येक फेऱ्यात गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो, आणि 600 किलोमीटरमध्ये असे फेरे लाखाच्या वर जातात. 165 किंवा त्याहून आखूड क्रँक, अरुंद हँडल आणि लिव्हर जवळ आणणारा छोटा स्क्रू यांनी पुष्कळ फरक पडतो. हा स्क्रू बऱ्याच लिव्हरमध्ये मुळातच असतो, पण दुकानात तो कोणी दाखवत नाही.

सीटच्या उंचीसाठी शर्यतपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जाणारा आकडा सुरुवातीला चांगला आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांच्या मध्ये पुस्तक घट्ट वर दाबून धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. आलेल्या मापाला 0.883 ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माप 78 सेंटिमीटर असेल तर उंची साधारण 69 येते. तिथून पुढे शरीराचं ऐकायचं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे असते. गुडघ्यामागची शीर ओढली किंवा कंबर दोन्ही बाजूंना डुलायला लागली तर सीट वर गेलेली असते. एका वेळी चार-पाच मिलिमीटरच बदलायचे आणि बदल केलेल्या जागी सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करायची. सायकल बसमधून किंवा गाडीतून नेताना सीट उतरवली जाते आणि अंदाजाने परत बसवली जाते. राइडच्या दिवशीची गुडघेदुखी पुष्कळदा तिथेच सुरू होते.

सीटबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. मऊ, जाड जेलची सीट अर्धा तास सुखाची वाटते. चार तासांनी बसायची दोन हाडं त्या मऊपणात रुततात आणि त्यांच्यामधल्या नाजूक भागावर भार येतो. सीट त्या हाडांच्या रुंदीला जुळणारी हवी. रुंदी मोजायला घरातला पन्हळी पुठ्ठा पुरतो. कडक खुर्चीवर तो ठेवून थोडं पुढे वाकून बसायचं आणि पडलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजायचं. ब्रूक्सच्या बी17 सारखी चामड्याची सीट लांब पल्ल्याच्या लोकांत एवढी टिकून आहे, कारण ती कालांतराने बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेते. पण कोकणातल्या पावसात चामडं भिजून झोळ पडतो, तेव्हा तिच्यासोबत प्लास्टिकचं आवरण आलंच. चांगली सीट आणि चांगली पॅडवाली बिब शॉर्ट यांतलं एकच परवडत असेल तर मी आधी शॉर्ट घेईन. चांगल्या शॉर्टने साधारण सीटही निभते. उलटं सहसा होत नाही.

हातांचा त्रास करंगळी आणि अनामिकेपासून सुरू होतो. तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दाबली जाते, आणि काही जणांना राइडनंतर आठवडाभर शर्टाची बटणं लावणं जड जातं. यावर पहिला उपाय जाड हातमोजे असा सांगतात, मला तो दुसरा वाटतो. आधी हँडल वर घ्या. रोड बाईकचा स्टेम उलटा करून बसवला की हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर येतं, आणि त्याला चार-पाच मिमीच्या ॲलन चाव्यांखेरीज काही लागत नाही. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर ते सरळ करा, कारण झुकलेल्या सीटवरून अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. मग जुन्या बार टेपवर दुसरी टेप चढवा. एवढं करूनही भागलं नाही तर बाईक फिटिंग करणाऱ्याकडे जाऊन काही हजार रुपये घालावेत. कार्बनच्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा ते सार्थकी लागतात.

दुसरी मोठी जागा गिअरची, आणि इथे महाराष्ट्राचा भूगोल मधे येतो. पुष्कळ साध्या रोड बाईकला पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन रिंग असतात आणि मागे सर्वांत मोठी चकती 28 ची. पुणे-सोलापूर रस्त्यावर हे पुरून उरतं. तिथे त्रास वाऱ्याचा, चढाचा नाही. कोकणात चित्र पालटतं. सागरी मार्गाने दिवेआगर, हर्णे, गुहागर करत दक्षिणेकडे निघालात की खाडीला उतरायचं, आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड अशा जेट्टीवरून फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि बोटीतून उतरल्या उतरल्या छातीवर येणारा चढ चढायचा. हे चढ लांब नसतात, पण उभे असतात आणि एकामागून एक येतच राहतात.

थोडं गणित करू. 34 ला 28 लावलं की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे हे गुडघ्याला झेपणारं किमान धरलं तर वेग ताशी 9 किलोमीटरच्या थोडा वर. 8 टक्के चढावर 85 किलोचा भार या वेगाने न्यायला साधारण 185 वॅट लागतात. ताज्या पायांना ते दहा मिनिटं जमेल. दोनशे किलोमीटरनंतर, अर्ध्या झोपेत, ते जमत नाही. मग फेरे चाळीसवर येतात, माणूस उभा राहून पेडल दाबतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा हिशेब मागतो. मागची चकती 34 ची केली की एका फेऱ्याचं अंतर 2.1 मीटरवर येतं आणि तेवढ्याच फेऱ्यांना दीडशे वॅट पुरतात. वेग साडेसातच्या थोडा वर. कोणी म्हणेल, एवढ्या हळू जाण्यापेक्षा उतरून चालावं. पण चालताना क्लीटच्या बुटांनी ताशी चार-पाचच होतात, आणि परत सायकलवर बसताना चढावर तोल सावरणं वेगळंच.

हा बदल फार खर्चाचा नाही. 8 गिअरची 11-32 किंवा 11-34 ची कॅसेट सहज मिळते. अडतं ते मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागापाशी. आखूड पिंजऱ्याचा डिरेलर 28 ते 30 च्या पुढे जात नाही, लांब पिंजऱ्याचा लागतो. इथे जुन्या जाणत्या मेकॅनिकांना ठाऊक असलेली एक सोय कामी येते. शिमानोच्या 8 आणि 9 गिअरच्या रोड लिव्हर त्याच पिढीच्या माउंटन बाईकच्या मागच्या डिरेलरशी जमतात, कारण दोन्हींची केबल ओढायची पद्धत एकच आहे. म्हणजे क्लॅरिस या रोड मालिकेच्या लिव्हरला एसेरा किंवा आल्टस या माउंटन मालिकांतला स्वस्त, लांब पिंजऱ्याचा डिरेलर चालतो. 10 गिअरपासून हे गणित बदललं, तेव्हा ही सोय खालच्या पायरीवरच्या सायकलवाल्यांचीच. चेन मात्र लांब घ्यावी लागते. पुढची मोठी रिंग आणि मागची मोठी चकती यांवर चेन एकाच वेळी बसते का, हे स्टँडवर हाताने फिरवून पाहिल्याशिवाय सायकल दुकानातून बाहेर काढू नये. आखूड चेनने तो गिअर पडला तर डिरेलर उखडून स्पोकमध्ये जातो. 7 गिअरचं फ्रीव्हील असलेल्यांना 14-34 ची, शेवटची चकती एकदम मोठी असलेली फ्रीव्हील मिळते. त्या चकतीवर जातानाची उडी जाणवते, पण घाटात तिचा उपकारच वाटतो.

टायर हा माझ्या लेखी सर्वांत चांगला खर्च. नव्या सायकलसोबत येणारा तारेच्या कडेचा, कडक रबराचा टायर आणि चांगला लवचीक टायर यांच्यात ताशी पंचवीसच्या वेगाला दोन्ही चाकं मिळून दहा-पंधरा वॅटचा फरक पडू शकतो. तो सपाटीवर, चढावर, रात्री, दिवसा, सतत मिळत राहतो. अरुंद आणि टणक टायरच वेगवान, ही समजूत बरीच वर्षं टिकली. सायकलींच्या तंत्रावर लिहिणाऱ्या फ्रँक बर्टो यांनी टायर भाराखाली किती दबावा याचे तक्ते मांडले आणि साधारण 15 टक्के दबणं योग्य ठरवलं. पुढे त्याच विषयावर लिहिणाऱ्या जॅन हाइन यांनी खडबडीत रस्त्यावर रुंद टायर हळू नसतात हे लावून धरलं. आता शर्यतीच्या सायकलीही 28 मिमी टायर वापरतात. आपल्या राज्य महामार्गांवरची खडी पाहता 28 हे मी किमान मानेन. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा आहे का हे आधी मोजावं. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर चार मिलिमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर चिखलाचा गोळा अडकतो. रिम ब्रेकच्या जुन्या सायकलींत कधी 25 च बसतो. तेव्हा निदान हवा कमी करावी. सत्तर किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये मागे 75-80 आणि पुढे 65-70 पीएसआय पुरे. टायरच्या कडेवर छापलेला 120 चा आकडा ही वरची मर्यादा आहे, तिथपर्यंत हवा भरलीच पाहिजे असं नाही.

पंक्चरचं आपल्याकडचं मोठं कारण खिळे नाहीत. महामार्गाच्या साइडपट्टीवर फुटलेल्या ट्रकटायरच्या चिंध्या पडलेल्या असतात आणि त्यांतून सुटलेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. ही तार टायरमध्ये शिरते आणि हळूहळू ट्यूब टोचते. बाहेरून दिसत नाही, आतून बोटाला जेमतेम लागते. ट्यूब बदलली आणि तार तशीच राहिली की पाच किलोमीटरवर दुसरं पंक्चर. यासाठी टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्वच्या समोर आणावं. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढून हवा भरायची, भोक व्हॉल्वपासून किती अंतरावर आहे ते पाहायचं आणि टायरवर नावापासून तेवढ्याच अंतरावर दोन्ही बाजूंना शोधायचं. जागा कळली की टायर तिथे आतून बाहेर दुमडायचा, तारेचं टोक वर येतं. ते नखाने निघत नाही. औषधांच्या पेटीतला छोटा चिमटा पिशवीत असला की दोन मिनिटांचं काम. विदर्भ-मराठवाड्याकडे बाभळीच्या काट्याचं हेच, तो टायरमध्ये मोडून बसतो.

दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, हातपंप आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा एवढं सोबत असावंच. टायरची कड कापली गेली तर तो तुकडा आतून लावला की घर गाठता येतं. आणखी एक पितळेची चिमुकली गोष्ट लागते: व्हॉल्वचा ॲडॉप्टर. रोड बाईकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असतो, आणि गावोगावच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्वचं. दहा-वीस रुपयांच्या त्या ॲडॉप्टरने प्रत्येक टायरवाला आपल्या उपयोगाचा होतो. ट्यूब मात्र तिथे मिळेल असं धरू नये. गावात 26 ची किंवा साध्या काळ्या सायकलची 28 ची ट्यूब असते, आपल्या रिमचा व्यास दोन्हींहून वेगळा. ट्यूबलेसची सध्या चलती आहे, पण खालच्या पायरीच्या बहुतेक रिम त्यासाठी बनवलेल्याच नसतात, आणि आतला द्रव आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतो. साध्या सायकलवर ट्यूबच बरी.

चाकं बदलायची घाई करू नये, ती नीट बांधून घ्यावीत. कारखान्यात यंत्राने बांधलेल्या चाकात स्पोकचा ताण एकसारखा नसतो. ढिला स्पोक प्रत्येक फेऱ्यात ताणला-सैलावतो आणि एक दिवस हबजवळच्या बाकाशी तुटतो, बहुधा मागच्या चाकाचा, गिअरच्या बाजूचा, म्हणजे कॅसेट उतरवल्याशिवाय जो बदलता येत नाही नेमका तोच. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढणं आणि ताण एकसारखा करणं ही कामं वेगळी आहेत. आउट पाच मिनिटांत निघतो, ताणाला तास लागतो. मेकॅनिक एकेक स्पोक बोटाने छेडून आवाज ऐकतो आणि चाक बांधून झाल्यावर समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून आवळतो. असा माणूस तुमच्या गावात असेल तर त्याला जपा. 32 स्पोकच्या चाकातला एक तुटला तर ब्रेक जरा सैल करून पुढे जाता येतं. कमी स्पोकच्या देखण्या चाकात एक तुटला की रिम फ्रेमला घासते आणि राइड तिथेच संपते. नव्या सायकलची चाकं पहिल्या चार-पाचशे किलोमीटरनंतर एकदा अशी तपासून घेतली की पुढचं बरंचसं विघ्न टळतं.

ब्रेकबद्दल डिस्क की रिम हा वाद पुष्कळ चालतो. पावसात आणि लांब उतारावर डिस्क सरस आहे, यात शंका नाही. पण रिम ब्रेकची सायकल घरात असेल तर ती विकायचं हे कारण नव्हे. सोबत आलेले कडक पॅड काढून चांगले बसवावेत, आणि पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण दर महिन्याला टोचणीने काढावेत, नाहीतर ते रिम खरवडतात. आंबा किंवा वरंध घाटासारख्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाआधी जोरात दाबायचा, मग सोडायचा. केबलच्या डिस्क ब्रेकवाल्यांनी बाहेरचं आवरण न दबणाऱ्या जातीचं बसवून घ्यावं, लिव्हर लगेच टणक लागतो.

सायकल थांबवणाऱ्या तीन बारीक गोष्टी मला मोठ्या वाटतात. पहिली गिअरची केबल. शिमानोच्या लिव्हरच्या आत तिला तीव्र वळण असतं आणि तिथे एकेक धागा तुटत जातो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त गिअर टाकणं जड होत जातं आणि नेम चुकायला लागतो. लोक डिरेलरचा स्क्रू पिळत बसतात आणि एक दिवस केबल तुटते. मागचा गिअर सर्वांत छोट्या चकतीवर जाऊन बसतो, आणि समोर घाट असतो. तीन-चार हजार किलोमीटरला, शंकाही येण्याआधी, आतली केबल बदलावी. एवढी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही. दुसरी गोष्ट डिरेलर हँगर. डिरेलर जिथे लटकतो तो ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा पडल्यावर मुद्दाम वाकावा-तुटावा असाच बनवलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचते. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा आणि तो ऐन वेळी कुठल्याच दुकानात नसतो. सायकल घेतली त्याच दिवशी एक जादा मागवून सीटखालच्या पिशवीत टाकावा. तिसरी चेन. पावसाळ्यात धूळ आणि पाणी मिळून तेलाचा घासकागद होतो. चेन गेजवर 0.75 टक्के ताण दिसला की चेन बदलावी, म्हणजे कॅसेट दोन-तीन चेन टिकते. क्विक लिंक आणि चेन तोडायचं हत्यार सोबत हवं, आणि ते घरी एकदा वापरून पाहिलेलं हवं.

दिव्याच्या बाबतीत पाकिटावरच्या ल्युमेनपेक्षा तास मोजावेत. डिसेंबरात पुण्याच्या आसपास अंधार जवळजवळ तेरा तासांचा असतो. हजार ल्युमेनचा दिवा पूर्ण उजेडावर दोन तासांत मान टाकतो. मधल्या उजेडावर पाच-सहा तास चालणारे दोन दिवे, किंवा बॅटरी बदलता येणारा एक आणि तिचे जादा सेल, अशी तजवीज हवी. चालू असताना दिवा पॉवर बँकेवर चार्ज होतो का, हेही घरीच पाहावं, कारण काही दिवे वायर लावली की बंद पडतात. मागचा लाल दिवा स्थिर जळणारा हवा. लुकलुकणारा मागून येणाऱ्याला अंतराचा अंदाज देत नाही, आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या 1200 किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये तर तो चालतच नाही. 2019 आणि 2023 मध्ये भारतातून शेकडो जण तिथे गेले, त्यामुळे ही सवय इथेही रुजते आहे. चमकणाऱ्या जाकिटासोबत घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधाव्यात. वरखाली हलणारे दोन ठिपके दिसले की ट्रकवाल्याला पुढे सायकल आहे हे लांबून कळतं. पुढच्या हबमधला डायनॅमो सुंदर गोष्ट आहे. 6 व्होल्ट, 3 वॅटची अखंड वीज, चार्जिंगची चिंता नाही. पण त्यासाठी पुढचं चाक नव्याने बांधावं लागतं आणि सामान बहुतेक परदेशातून येतं. पहिल्या 200-300 साठी तो नको. ज्याला हजार किलोमीटरची ओढ लागली आहे त्याने जरूर घ्यावा.

पिशव्यांचं थोडक्यात. सीटखाली हत्यारं आणि ट्यूब, वरच्या नळीवर हाताशी येईल अशी चिक्की, खजूर, मीठ-साखरेच्या पुड्या. पाण्याच्या दोन बाटल्या, एप्रिलनंतर तीन. पाठीवर सॅक नको, तिचं वजन शेवटी बुडावर आणि मानेवरच येतं. पावसाळ्यात मडगार्ड लावावेत, आपल्यापेक्षा मागून येणाऱ्याच्या तोंडासाठी जास्त.

यांतलं काहीही राइडच्या आदल्या आठवड्यात करू नये. नवी सीट, नवा स्टेम, नवे क्लीट यांची खरी ओळख चौथ्या तासानंतर होते. म्हणून बदल एकेक करून शंभर किलोमीटरच्या घरगुती राइडवर आजमावावा, जिथून रिक्षाने परत येता येतं. दोन बदल एकदम केले तर गुडघा कशाने दुखतो ते कळत नाही.

एवढं सगळं करण्यापेक्षा वरच्या पायरीची सायकलच घ्यावी का, असं पुष्कळ जण विचारतात. फ्रेमचं माप चुकलं असेल, 25 च्या वर टायर बसतच नसेल, किंवा फ्रीव्हीलच्या हबचा मागचा एक्सल वाकत असेल तर माझं उत्तर हो. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग खूप आत असतं, म्हणून वजनदार माणसाच्या भाराने तो एक्सल वाकतो, कधी तुटतोही. बाकी कुठल्याही कारणासाठी आधी एक पूर्ण मोसम आहे त्या सायकलवर काढावा. सीट, पेडल, दिवे, पिशव्या, पंप, शॉर्ट हे सगळं पुढच्या सायकलवर जसंच्या तसं चढतं, त्यावर घातलेला पैसा वाया जात नाही. 8 गिअरची कॅसेट, लिव्हर आणि डिरेलर मात्र 11 किंवा 12 गिअरच्या सायकलला लागत नाहीत. म्हणून त्या बाजूचा खर्च 34 ची चकती, ती पेलणारा डिरेलर आणि वेळेवर बदललेली चेन-केबल इथेच थांबवावा.